सदऱ्याच्या मापाचं पान

६ ऑक्टोबर, सोमवार

गोरक्षनाथ सरांनी आज ऑफिसातून निघताना बजावलं, ‘निकिता, रोज काय शिकलीस आणि कुठे अडलीस ते लिहून ठेव. तीन महिन्यांनी तुला ठेवायचं की नाही ते त्यावरून ठरवू.’ म्हणजे माझं अज्ञान मीच पुराव्यासकट जमवायचं. त्यांना दाखवायला वेगळं काहीतरी लिहीन. हे माझ्यापुरतं.

नवी डायरी आणली की तिसऱ्या दिवशी सुटते, हा अनुभव आहे. म्हणून आईचं जुनं मापांचं रजिस्टर घेतलं. शेवटची वीस-बावीस पानं कोरी आहेत. कापडाची चिंधीसुद्धा वाया न घालवणाऱ्या माझ्या आईनं एवढी पानं सोडून नवीन वही का केली, कोण जाणे. पटकन कुणाला सापडू नये म्हणून उलटीकडून, मागच्या पानापासून लिहायला घेतलंय. आईची शेवटची नोंद बघितली तर सदऱ्याची मापं आहेत: छाती, खांदा, बाही, उंची. नाव नाही, तारीख नाही. आई तर फक्त ब्लाउज शिवते. कुणीतरी गळ्यात मारलेलं काम असणार.

तर काम असं. पाथर्डीकडच्या एका वाडीतल्या ऊसतोड बायकांची एका संस्थेनं पाहणी केली आहे. तीनशे बारा नावं. त्या यादीवरून ओळखकार्डं तयार करणारा प्रोग्राम मला लिहायचा आहे. पंचवीस तारखेला त्यांच्या टोळ्या पुणतांब्याकडे उसाच्या फडावर निघणार. तिथल्या आरोग्य केंद्रात कार्ड दाखवलं की तपासणी, औषधं, बाळंतपण, सगळं होणार. कार्ड नसेल तर त्या तिथे परक्या गावच्या, त्यांना कोण विचारतो? म्हणून पंचवीसच्या आत कार्डं हातात पडलीच पाहिजेत.

७ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळपासून एकच लाल ओळ. मी ज्या भाषेत प्रोग्राम लिहितेय ती जावास्क्रिप्ट म्हणतेय, नलमधून काही वाचता येत नाही. मी काय वाचायला सांगत होते? फक्त पतीच्या नावाच्या मागेपुढे राहिलेली जागा छाटायला सांगितली होती. नावच नाही, तर छाटणार काय?

सरांनी डब्याचं उदाहरण दिलं. ‘डबा उघडला, आत काही नाही, तो नल. मुळात डबाच नाही, तो अनडिफाइन्ड. आणि डब्यात कोरा कागद घडी करून ठेवलाय, ती रिकामी स्ट्रिंग.’

‘पण सर, खायला तिन्हींत काही नाहीच ना?’

‘तुला भूक लागलीय म्हणून. कॉम्प्युटरला नाही लागत.’

मग माझाच नोकरीचा अर्ज काढून समोर धरला. वडिलांच्या व्यवसायापुढे मी आडवी रेघ मारली होती. ‘आणि ही रेघ म्हणजे चौथाच घोळ. ही नल नाही, माहितीही नाही. कॉम्प्युटरला वाटेल, तुझे वडील रेघ नावाचा धंदा करतात.’ मी हसले. आमच्या घरात पप्पांबद्दल बोलायची पद्धत नाही. मी अकरा वर्षांची असताना ते सुप्याला कारखान्यात लागले, आणि तिथून पुढे गेले. पुढे म्हणजे कुठे, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आता त्या चौकटीत रेघ नाही मारायची तर माणसानं काय लिहायचं?

डोकं भणभणतंय.

९ ऑक्टोबर, गुरुवार

जमलं! दोन उभ्या रेघा. माहिती असेल तर ती घे, नसेल तर रेघांच्या उजवीकडे लिहिलंय ते घे. पतीचं नाव नसेल तर रिकामी स्ट्रिंग, मुलांची संख्या नसेल तर ‘नोंद नाही’. तीनशे बाराच्या तीनशे बारा ओळी सुळकन पार झाल्या.

कार्डावर नावाच्या आधी सौ. किंवा श्रीमती छापायचं, असं संस्थेनं कळवलं होतं, आणि यादीत तसा रकाना नव्हता. मी एका ओळीत उरकलं: पतीचं नाव असेल तर सौ., नसेल तर श्रीमती. अशा तेवीस जणी निघाल्या. श्रीमती काय, मानाचंच आहे. सर आज गावाला गेले होते, ते असते तर शाबासकी मिळाली असती.

शाबासकी न मिळाल्यानं घरी आईला सांगितलं. ती मशीनवर होती.

‘नाव सांगितलं नाही म्हणून श्रीमती?’

‘हो. कोरं सोडून कसं चालेल?’

सुईतला दोरा तुटला, तो ओवायला तिला तीनदा प्रयत्न करावा लागला. चष्म्याचा नंबर वाढला असणार.

११ ऑक्टोबर, शनिवार

कार्डं छापून पाथर्डीच्या गाडीनं रवाना. सुटले.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सुटले कसली. वाडीतून दिपालीताईंचा फोन आला. त्या संस्थेच्या कार्यकर्त्या. टॅब घेऊन घरोघरी फिरून पाहणी त्यांनीच केली होती.

‘काय करून ठिवलं ओ ताई? लंकाबाईनं कार्ड फेकून दिलं माझ्या अंगावर.’

‘का? नाव चुकलं का?’

‘नाव बराबर हाय. त्याच्या म्होरं श्रीमती लिवलंय. नवरा तिच्या बाजूला उभा होता, जित्ता! सासू तर छाती बडवाया लागली. सातवा महिना चालू हाय तिला, आन कागदावर तुमी तिचा नवराच मारला.’

मी म्हणाले, श्रीमती म्हणजे तसं नाही, आदरार्थी आहे.

‘त्ये तुमच्या नगरात. हितं नवरा गेल्यावरच लिवत्यात. ती म्हनती, असलं कार्ड घिऊन मी फडावर जानार न्हाई. आवंदा तिसरं बाळातपन हाय, दुसऱ्याला लई रगत गेल्तं. कार्डाबिगर पाठवायची कशी मी तिला?’

शेवटी त्यांनी आणखी एक ऐकवलं. एका बाईला मूल नाही. तिनं विचारल्यावर स्वतः शून्य सांगितलं, ताईंनी शून्य लिहिलं, आणि कार्डावर आलं ‘नोंद नाही’. ‘एवढं मन घट करून बोल्ली ती. नोंद न्हाई म्हंजी काय, आमी आइकलंच न्हाई व्हय?’

माझ्या दोन उभ्या रेघांनी शून्यालाही रिकामं समजून गिळलं होतं. मला वाटत होतं, मी नुसती रिकामी जागा भरतेय.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, ‘उभ्या रेघा काढ, दोन प्रश्नचिन्हं टाक. ती फक्त नल आणि अनडिफाइन्डलाच रिकामं धरतात. शून्याला हात लावत नाहीत.’ मुलांच्या रकान्याचं काम पाच मिनिटांत झालं. पण पतीच्या नावाचं काय? तिथे प्रश्नचिन्हं टाका नाहीतर उद्गारचिन्हं, नाव येणार कुठून?

दिपालीताईंना विचारलं, तेवीस जणींची नावं कोरी का राहिली?

‘घेतील कशी नाव? सासरा वट्ट्यावर बसल्याला. म्या इचारलं की पदर तोंडात धरायच्या आन हसायच्या. मंग सोडलं कोरं. नंतर भरू म्हनलं.’

‘सगळ्यांचं तेच कारण?’

‘न्हाई बा. दोन-तीन जनी खऱ्याच इधवा हायत. आन पयल्या दिवशी टॅबवर त्यो परस्नच नव्हता आल्याला. चार जनींला तर म्या इचारलंच न्हाई.’

म्हणजे विचारलं आणि लाजेनं सांगितलं नाही. विचारलं आणि सांगण्यासारखं कुणी उरलं नाही. विचारलंच नाही. तीन वेगवेगळ्या गोष्टी, आणि माझ्या पडद्यावर तिन्ही कोऱ्या. मी तिन्हींना एकच टिकली लावली. किंवा पुसली.

आधारवरून घ्यावं म्हटलं, तर निम्म्या जणींचं आधार अजून माहेरच्या नावानं आहे. नवऱ्यांनाच फोन करावा म्हटलं, तर संस्थेचा नियम आडवा आला: माहिती बाईनं स्वतःच्या तोंडानं सांगितलेली हवी, नवऱ्यानं किंवा सासूनं नाही. नियम चांगला आहे. पण बाई तर तोंड उघडत नाही!

आईपण पप्पांचं नाव घेत नाही. पण ती भिंगारच्या बाजारात दुकानदाराशी तावातावानं भांडते, मतदानाला सगळ्यात आधी जाते, मामांना एकेरी हाक मारते. याच एका बाबतीत ती इतकी जुन्या वळणाची कशी, हे कोडं मला सुटलेलं नाही.

सर म्हणाले, ‘शनिवारी तू स्वतः जा. ज्यानं घोळ घातला त्यानं निस्तरावा.’

१८ ऑक्टोबर, शनिवार

आज धनत्रयोदशी. एसटीनं पाथर्डी, पुढे दिपालीताईंच्या स्कूटीवर. भीती एवढीच की लंकाबाई माझ्याही अंगावर कार्ड फेकेल.

ती शाळेच्या ओट्यावर बसली होती. तिशीही नसेल, पण हातांवर पाचटानं कापल्याच्या जुन्या खुणा. पोटावर हात ठेवून माझ्याकडे टक लावून बघत होती.

‘तुमीच का त्या, माझ्या नवऱ्याला मारनाऱ्या?’

हात जोडले, चुकलं म्हणाले. ती म्हणाली, ‘तुमचं लगीन झालंय का?’ मी नाही म्हटलं. ‘मंग तुमाला काय कळनार,’ असं म्हणून तिनं तोंड फिरवलं. पण उठून गेली नाही.

मी टॅब काढून सरळ विचारलं, पतीचं नाव काय? तेवीस बायका आणि सगळ्या चिडीचूप. एक फिसकन हसली. सासवा पाराखाली बसून कान टवकारून होत्या. तेवढ्यात दिपालीताई ओरडल्या, ‘अगं, सरळ नका घिऊ! उखान्यात घ्या की! उखान्यात घ्यायला कुनाच्या बापाची भीती हाय?’

आणि धरण फुटलं. सगळ्यात आधी उठल्या झुंबरबाई, वय वर्षं साठ:

‘दात गेले, केस पिकले, तरी हौस न्हाई फिटली,
भिमाजीरावांचं नाव घ्यायला आज येळ भेटली.’

पाराखालच्या सासवासुद्धा हसल्या. मग एकीनं मलाच ओवलं:

‘तिसगावच्या बाजारात घेतली काचेची बरनी,
छगनरावांचं नाव घेते कॉम्प्युटरवाल्या ताईंच्या कारनी.’

मी भराभर लिहीत होते. प्रत्येक नावामागचा ‘राव’ खोडावा लागत होता, आणि एकीचा नवरा खरंच साहेबराव निघाला. ‘अवो, त्याचं राव ऱ्हाऊ द्या, जन्मापासनं हाय त्ये!’ हा प्रकार मी कोडमध्ये कसा बसवणार होते?

लंकाबाई शेवटपर्यंत गप्प होती. मग जागेवरूनच, माझ्याकडे न बघता म्हणाली:

‘मोळीवर मोळी, चढते मी शिडी,
अजिनाथरावांच्या संगं ओढीन संसाराची गाडी.’

आणि लगेच, ‘लिवलं का? वाचून दावा.’ मी वाचून दाखवलं. ‘आता सौ. लिवा. ठसठशीत.’

एकोणीस नावं मिळाली. तिघींनी शांतपणे सांगितलं, आमचे गेले, आमचं श्रीमतीच बरोबर आहे. राहिली एक, बनुबाई. ती पहिल्या दिवशीच्या चौघींपैकी. बाकीच्या पांगल्यावर जवळ आली. गळ्यात काळी पोत होती. मी विचारलं, उखाणा घेता का?

‘मला तर कुनी इचारलंच न्हवतं पयल्यांदा,’ ती म्हणाली. मग, ‘फडावरनं च्या प्यायला म्हनून गेला. पाच हंगाम झालं. मेला म्हनू तर मढं न्हाई बघितलं. हाय म्हनू तर कुटं हाय?’

‘मग मी काय लिहू?’

‘काय बी लिवू नगा. कोरं ऱ्हाऊ द्या. आन म्होरं त्ये दोन्ही नगं. सौ. बी नगं आन दुसरं बी नगं. सौ. लिवलं की बाया तोंडावर काय बोलत न्हाईत, पर मागं हसत्यात.’

मी म्हटलं, मशीन तसं घेत नाही. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी टॅब खाली ठेवला.

संध्याकाळी पणत्या भिजत घालताना हे सगळं आईला सांगितलं. उखाण्यांना ती हसली. बनुबाईचं सांगितल्यावर तिनं विचारलं, ‘गळ्यात होतं का तिच्या?’ मी हो म्हटलं. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, ‘मग शेवटी काय लिहायला सांगितलं म्हणालीस?’ एकदा सांगितलं होतं की. आईचं हल्ली लक्षच नसतं.

२२ ऑक्टोबर, बुधवार

पाडवा. आईनं दरवर्षीसारखं ताम्हण चिंचेनं घासून लख्ख केलं, निरांजन, सुपारी, अक्षता, सगळं मांडलं. दरवर्षीसारखंच ओवाळलं कुणालाच नाही, वात विझेपर्यंत तसंच ठेवलं. तिला स्वच्छतेची आणि मांडामांडीची हौस आहे. मी भूक लागली म्हणून दोनदा ओरडले.

सुट्टी असून काम करतेय, कारण परवा कार्डं गेली पाहिजेत. लंकाबाईचं कार्ड सगळ्यात आधी केलं. सौ. दोन पॉइंट मोठं ठेवलं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

सरांना भाऊबीजेच्या जेवणावरून उठवून फोनवर घेतलं. बनुबाईच्या ओळीवर अडले होते.

‘एखादी डिफॉल्ट किंमत दे ना,’ सर म्हणाले. ‘अज्ञात लिही. एकल लिही.’

‘नाही सर. डिफॉल्ट नाही द्यायची.’

‘मग नल राहील. पुढे प्रत्येक ठिकाणी तुला तपासावं लागेल.’

‘तपासते.’

‘आधी तिची चौकट अनडिफाइन्ड होती, आता नल. एवढं वाडीपर्यंत जाऊन फरक काय पडला? दोन्ही रिकामंच.’

‘आधी तिला कुणी विचारलं नव्हतं, सर. आता विचारलंय.’

पलीकडे ताटांचा आवाज. मग म्हणाले, ‘बरं. तसं कर.’ चिडले की काय, काही कळलं नाही. माझे तीन महिने बहुतेक इथेच संपले.

आता तीन वाटा आहेत. नाव सांगितलं, तर सौ. पती वारले असं स्वतः सांगितलं, तर श्रीमती. आणि नल असेल तर काहीच नाही, नुसतं तिचं नाव. काहीच न छापायला मला अकरा ओळी लिहाव्या लागल्या.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

कार्डं घेऊन सर स्वतःच्या गाडीनं वाडीला गेले, मला न सांगता. दुपारी दिपालीताईंचा फोन. लंकाबाईनं कार्ड सासूला दाखवलं, नवऱ्याला दाखवलं, मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेच्या चंचीत ठेवलं. उद्या पहाटे त्यांचा ट्रक निघतो. ‘म्हनली, त्या ताईला सांगा, पोरगी झाली तर बारशाला बोलावते.’

‘आणि बनुबाई?’

‘तिला वाचता येत न्हाई. मला म्हनली वाच. म्या वाचलं, बनुबाई. तिनं इचारलं, बास? म्या म्हनलं, बास. तर पुन्यांदा वाचायला लावलं.’

२५ ऑक्टोबर, शनिवार

ट्रक गेला असेल.

कोरी पानं संपली. मागून लिहीत लिहीत आईच्या शेवटच्या नोंदीपाशी आले. मधे उरलंय ते सदऱ्याच्या मापाचं पान, त्यावरही खाली अर्धी जागा आहे. आई काज करत बसली होती. तिला दाखवून म्हटलं, ‘हे पान मी घेऊ का? कुणाचं आहे कळत नाही, नावच कोरं आहे.’

तिनं सुई खाली ठेवली. ‘कोरं नाही ते.’

‘अगं, नाव कुठंय?’

‘नाव कशाला लिहायचं? मला माहीत होतं कुणाची मापं आहेत ती.’

मी पुन्हा वाचली. छाती अडतीस. बाही चोवीस. मग डोक्यात प्रकाश पडला, आणि मला आधी माझाच राग आला. बारा वर्षं हे रजिस्टर कपाटात होतं. तेवीस अनोळखी बायकांना विचारायला मी पाथर्डीच्या पुढे जाऊन आले.

‘पप्पांचं काय झालं, आई?’

तिनं सांगितलं. दिवाळीला सदरा शिवायचा म्हणून मापं घेतली. चार दिवसांनी सुप्याहून येतो म्हणाले, आले नाहीत. सहा महिने कारखान्यात, दवाखान्यात, पोलिसांत विचारत फिरली. मग फिरायची थांबली. रजिस्टर मिटून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी नवीन वही करून बंद पडलेलं शिवण पुन्हा सुरू केलं.

‘मला का नाही सांगितलंस?’

‘तू कधी विचारलं नाहीस. म्हटलं, हिला नको असेल.’

‘आणि मला वाटलं, तुला नको असेल.’

मला रडू आलं, तिला नाही आलं. मी म्हटलं, ‘तुझं कार्ड असतं तर मी काय छापलं असतं?’ ती शिवणाच्या पावत्यांवर अजून सौ. ज्योती असं लिहिते.

‘त्या बाईचं काय केलंस?’

‘काही नाही. नुसतं नाव.’

तिनं मनातल्या मनात ते लिहून बघितल्यासारखं केलं. ‘चालेल,’ म्हणाली.

हे मी माझ्याच आधीच्या पानाच्या समासात, बारीक अक्षरात दाटीनं लिहितेय. मापांचं पान होतं तसंच ठेवलंय. सदऱ्याचं कापड खालच्या ट्रंकेत आहे, आकाशी, बारीक पांढऱ्या रेघांचं. विचारल्यावर तिनं लगेच सांगितलं.